५२ वजा २७ बरोबर ३५

डी.एड.ला आणि पुढे बी.एड.लाही "आदर्शवाद, निसर्गवाद व कार्यवाद यांची तुलना करा" हा प्रश्न ठरलेला असे, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असे: शिक्षणाची ध्येये, अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, शिक्षकाचे स्थान, शिस्त असे रकाने आखायचे, ते भरायचे आणि शेवटी "सर्व विचारसरणींचा समन्वय साधावा" असे लिहून मोकळे व्हायचे. त्या तक्त्यात एक रकाना कधीच नसे, तो म्हणजे मूल चुकले की त्यानंतर काय होते हा. माझ्या मते एखाद्या शिक्षणविचाराची खरी ओळख तिथेच पटते, कारण ध्येयांच्या पातळीवर सगळेच विचारवंत एकमेकांच्या बरेच जवळ येतात.

तिसरीच्या वहीत हमखास सापडणारी चूक पाहू. ५२ मधून २७ वजा करायचे असतात आणि मूल ३५ लिहिते. कसे केलेस, असे विचारले की उत्तर येते, "बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले." हे मूल निष्काळजी नाही. त्याने एक नियम तयार केला आहे आणि तो इमानदारीने पाळलाही आहे. मोठ्यातून लहान वजा करायचे, एवढेच त्याने आजवरच्या उदाहरणांतून उचलले आहे. मुलांच्या चुकांमागे त्यांचा स्वतःचा तर्क असतो, हे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने दाखवून दिले, आणि मूल आपले ज्ञान स्वतः रचते असे मानणारा ज्ञानरचनावाद उभा आहे तो याच पायावर. लाल फुली मारून खाली २५ लिहून दिले, तर तो नियम मुलाच्या डोक्यात जसाच्या तसा राहतो आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा वर येतो.

चुकीचे काय करायचे, याला इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंचे उत्तर वेगळे आहे. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केले. तिथे विकसित झालेल्या त्यांच्या पद्धतीतील साधनांचा एक मोठा विशेष असा की चूक साधनच दाखवते. दट्ट्यांच्या पेटीत वेगवेगळ्या मापांचे दहा लाकडी दट्टे आणि त्याच मापांच्या दहा खाचा असतात. एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एखादा दट्टा आपल्या जागी बसतच नाही, आणि मूल कुणी न सांगता पुन्हा सुरुवात करते. मण्यांच्या साहित्यातही तेच घडते. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकमाळा आणि दोन सुटे मणी समोर असताना सात मणी उचलायचे म्हटले, तर एक माळ देऊन दहा सुटे घ्यावेच लागतात. बाई गप्प राहिल्या तरी चालते, किंबहुना त्यांनी गप्पच राहावे अशी अपेक्षा असते.

मात्र हे साहित्य महाग होते. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम घेऊन आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी व गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालल्या. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने असे आसपास फुकट मिळणारे साहित्य वापरले. याचे कौतुक सगळेच करतात आणि ते योग्यच आहे. पण एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. चिंचोका चूक दाखवत नाही. मोजून कापलेल्या दट्ट्याकडून जे काम होत होते, ते इथे शिक्षिकेच्या नजरेवर आणि प्रश्न विचारण्याच्या कौशल्यावर येऊन पडले. साहित्य स्वस्त झाले, पण शिक्षिका अधिक तयारीची लागू लागली.

गांधीजींच्या नई तालीममध्ये, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या योजनेत, जिची आखणी १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने केली, चुकीला प्रत्यक्ष किंमत होती. टकळीवरचे सूत तुटले की तुटले. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर तेव्हाच टीका झाली आणि ती मला पटते. पण चुकीचा परिणाम गुणपत्रिकेत दिसण्याऐवजी हातातल्या वस्तूत दिसावा, हा भाग आजही मोलाचा वाटतो.

बक्षीस आणि सरावाने वर्तन घडते असे मानणाऱ्या वर्तनवादाला आमच्याकडे नावे ठेवण्याची पद्धत आहे. १९५३ मध्ये या विचाराचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. मुलांना आपले उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळतच नाही, हे पाहून तो अस्वस्थ झाला आणि त्याने अध्यापन यंत्र तयार केले. लहान लहान पायऱ्या आणि लगेच निकाल, हे त्याचे सूत्र. "सात आठे चोपन्न" म्हणणाऱ्या मुलाशी तर्काची चर्चा करण्यात फारसा अर्थ नसतो. तिथे लगेच दुरुस्ती आणि भरपूर सराव हाच उपाय, आणि तिथे मी बिनदिक्कत स्किनरच्या बाजूने आहे. याउलट मोबाइलवरचे सरावाचे ॲप ३५ ला लाल रंग देऊन पुढे सरकते, तेव्हा तोच उपाय चुकीच्या दुखण्यावर लागू होतो. समन्वय हा शब्द मला म्हणूनच पोकळ वाटतो. दर चुकीपाशी कुणाचे ऐकायचे हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवण्यासाठी मुलाने उत्तर कसे काढले हे आधी ऐकावे लागते.

२०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावाद शाळाशाळांत पोहोचला, बऱ्याचदा रंगाच्या डब्यातून. फरशीवर संख्यारेषा आणि शब्दचक्रे आली, मुले गटात बसू लागली, हे चांगलेच झाले. पण गटात बसवूनही उत्तर चुकले की "पुसून टाक आणि बरोबर लिही" असेच म्हटले जात असेल, तर बदलली ती फक्त बैठकव्यवस्था.

यात एक अडचण मात्र खरीच आहे. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, आणि प्रत्येक चुकीमागचा विचार ऐकून घ्यायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न कोणत्याही विचारसरणीने सुटत नाही. शिक्षकाविना चूक दाखवणारे साहित्य सर्वांत जास्त हवे ते नेमके याच शाळांना, आणि ते सर्वांत कमी आहे तेही इथेच. पैसेवाल्यांच्या बालवाड्यांत मात्र दट्ट्यांच्या पेट्या कपाटात ओळीने मांडलेल्या असतात.