तुम्ही विचारलंत म्हणून: फायब्रोमायल्जिया कोणाला होतो?

मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे सतत अंगभर दुखत राहण्याचा आजार, आहे हे कळलं की ‘तुलाच कसा गं झाला?’ असं बहुतेकजणी विचारतात. त्यामागचा ‘मला तर होणार नाही ना?’ हा प्रश्नही मला ऐकू येतो.

सकाळी उठते तेव्हा रात्रभर दळण दळल्यासारखं अंग आंबलेलं असतं. खांदे, कंबर, मांड्या, सगळं ठणकतं. आठ तास झोपूनही झोप झाली असं वाटत नाही. बोलता बोलता साधा शब्द आठवेनासा होतो. कणीक मळताना हाताला कळा येतात, पण सांध्यांना सूज नाही आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. दोन वर्षं हे ‘नॉर्मल’ ऐकून मी घरी येत होते. एका डॉक्टरांनी तर ‘घरात काही टेन्शन आहे का?’ असं मला नाही, माझ्या नवऱ्याला विचारलं. ते अजून डाचतं.

पुढे संधिवाताच्या डॉक्टरांनी समजावलं की स्नायू किंवा सांधे झिजलेले नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचे संदेश वाढवून घेतायत, म्हणून दुखणं खरंच आहे.

शंभरात साधारण दोन ते चार जणांना हा त्रास असतो. तिशी ते पन्नाशीतल्या बायकांमध्ये जास्त दिसतो, पण पुरुषांना, मुलांनाही होतो. निदानाच्या 1990 च्या निकषांत अंगावरचे 18 बिंदू दाबून त्यातले 11 दुखतात का, ते बघायचे. 2010 च्या निकषांत ती अट गेली आणि थकवा, झोप, विसरभोळेपणा यांनाही महत्त्व आलं. आधीच आमवात किंवा ल्युपस (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) असलेल्यांना धोका जास्त. काहींना अपघात, ऑपरेशन, मोठा संसर्ग किंवा लांबलेला ताण हे निमित्त होतं. काहींना काहीच सापडत नाही.

माझं गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर सुरू झालं. पण फायब्रोमायल्जिया रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो हे कळलं, तेव्हा आई आठवली. रोज रात्री ती पालथी झोपायची आणि मला पाठीवर उभं राहायला सांगायची. तिला कुणी कधी तपासलं नाही, त्यामुळे तिलाही हेच होतं असं मी म्हणू शकत नाही. पण तिचं ‘अंग दुखतंय’ आम्ही कुणीच मनावर घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

परवा लेकीने विचारलं, ‘मलाही होईल?’ मी म्हटलं, ‘शक्यता थोडी जास्त, पण ठरलेलं नाही.’ या दुखण्यावर सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. मी दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. आता संध्याकाळी ती माझ्याबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत येते. मी थकले की आम्ही पारावर बसतो.