मार लागलेल्या डोळ्याचा मोतीबिंदू : माझा अनुभव

पौषात भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, कवळ (झाडांच्या पानांसकट फांद्या) तोडत असताना ऐनाची वाकवलेली फांदी हातातून सुटली आणि तिचा फटका माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. रक्त आले नाही, जखम दिसली नाही. डोळा चार दिवस लाल राहिला, गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या आणि मी ते विसरूनही गेलो. तेव्हाच डोळा दाखवला नाही, ही चूक सर्वस्वी माझी.

चैत्रात आंबे उतरवू लागलो तेव्हा घळीत, म्हणजे आंबे काढायच्या काठीच्या टोकाच्या जाळीत, देठ काही केल्या येईना. फळ मला वाटे त्याहून चार बोटे पुढे किंवा मागे असे. उजवा डोळा झाकून पाहिले तर समोरचे कलम ताकातून पाहावे तसे पांढुरके दिसत होते आणि संध्याकाळी पडवीतल्या एका दिव्याचे तीन दिवे होत होते. माझे वय बेचाळीस असल्यामुळे मोतीबिंदू म्हटल्यावर घरचे हसले. काकू म्हणाल्या, "असलाच तर पिकू दे, मग काढतात." हा गैरसमज आमच्या भागात अजून पक्का आहे.

चिपळूणच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "या डोळ्याला कधी मार लागला होता का?" मला ऐनाची फांदी तेव्हा कुठे आठवली. भिंगाच्या मागच्या थरात फुलाच्या पाकळ्यांसारखा धूसरपणा होता. मुका मार बसला की बुबुळ आत दाबले जाते, डोळा आडवा ताणला जातो आणि भिंगाला हा हिसका सोसत नाही, असे त्यांनी समजावले. माझ्या बाबतीत भिंगाला धरून ठेवणारे बारीक तंतूही एका बाजूला तुटले होते. मी नजर फिरवली की भिंग किंचित थरथरत असे. वयोमानाने होणाऱ्या मोतीबिंदूपेक्षा ही शस्त्रक्रिया वेगळी का, हे मला त्या थरथरीवरून कळले.

मागचा पडदा धूसर भिंगातून नीट दिसत नसल्याने मिटलेल्या पापणीवर थंडगार जेल लावून डोळ्याची सोनोग्राफी केली. पडदा सुटला असता तर नवे भिंग बसवूनही फारसा उपयोग नव्हता, त्यामुळे सोनोग्राफीत पांढऱ्या रेघेसारखा दिसणारा तो पडदा जागेवर आहे हे ऐकेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. परतीच्या एसटीत, मोठ्या झालेल्या बाहुलीत वैशाखाचे ऊन जात असताना, गुहागर येईपर्यंत मी डोळ्यावर पंचा धरून बसलो होतो.

शस्त्रक्रियेत डोळ्याशेजारी सुई देऊन डोळा बधिर केला. जुने भिंग काढल्यावर ते ज्या पातळ पिशवीत असते तिला आधार म्हणून आत एक बारीक कडे बसवले आणि मग कृत्रिम भिंग ठेवले. या भिंगाचा उगमही दुखापतीतच आहे, हे मला नंतर वाचताना कळले : दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, तुकडे डोळा मुकाट्याने सहन करतो, या निरीक्षणावरून इंग्रज नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले.

पुढचे काही आठवडे थेंबांचे वेळापत्रक, रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी आणि डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, एवढेच होते. मृग बरसत असताना पडवीत कोरडे बसणे मात्र जड गेले.

दिसू लागल्यावर काम संपले, असे मी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी तसे मुळीच होऊ दिले नाही. माराने डोळ्याच्या आतले पाणी (अश्रू नव्हे) बाहेर जाण्याची वाटही दुखावलेली असू शकते आणि त्यामुळे काही वर्षांनीसुद्धा, काही न दुखता, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. म्हणून दाब आयुष्यभर मोजत राहायचा आहे. परवा तो १६ भरला, म्हणजे ठीक. पुढची तारीख नारळी पौर्णिमेनंतरची आहे.