एअर पिस्तूल, एअर रायफल आणि स्कॉटलंडचं सर्टिफिकेट : माझा अनुभव

इंग्लंडमधल्या लीड्सहून स्कॉटलंडमधल्या डंडीला नोकरी बदलून यायचं ठरलं तेव्हा घर, गाडीचा इन्शुरन्स, बँकेतला पत्ता अशी मोठी यादी होती, पण माझ्या यादीत सगळ्यात वर होतं ते एअर वेपन सर्टिफिकेट. माझ्याकडे दोन एअरगन आहेत, एक दहा मीटर नेमबाजीचं मॅच एअर पिस्तूल आणि एक स्प्रिंगवाली .१७७ ची (इंचात, म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर छर्ऱ्याची) एअर रायफल. इंग्लंडमध्ये दोन्हीला लायसन्स लागत नाही. वय १८ पूर्ण हवं, दुकानदार रजिस्टर्ड फायरआर्म्स डीलर हवा आणि त्याने वस्तू समोरासमोर हातात द्यायला हवी, पोस्टाने थेट घरी पाठवता येत नाही (२००६ च्या कायद्यानंतरचा नियम). बस एवढंच. पण त्याच दोन वस्तू गाडीत टाकून सर्टिफिकेटशिवाय स्कॉटलंडची हद्द ओलांडली की तो गुन्हा. आपल्याकडचे बरेच जण यूकेमध्ये एकच कायदा आहे असं धरून चालतात म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधी पिस्तूल आणि रायफल यातला फरक, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. मूळ कायदा १९६८ चा फायरआर्म्स अ‍ॅक्ट, आणि त्याखाली १९६९ चे डेंजरस एअर वेपन्स रूल्स. त्यात दोन आकडे दिलेत. एअर पिस्तूल असेल तर छर्रा नळीतून बाहेर पडतानाची ऊर्जा ६ फूट-पाउंडच्या वर जाता कामा नये, आणि एअर पिस्तूल सोडून बाकी कुठलीही एअरगन असेल, म्हणजे रायफल वगैरे, तर मर्यादा १२ फूट-पाउंड. जूलमध्ये सांगायचं तर साधारण ८.१ आणि १६.३. इथपर्यंत वाटतं की ठीक आहे, रायफलला दुप्पट सूट, विषय संपला. खरा फरक त्या रेषेच्या पलीकडे आहे. रायफल १२ च्या वर गेली तर ती फायरआर्म सर्टिफिकेटवर ठेवता येते, म्हणजे पोलिसांकडे रीतसर अर्ज करा, कारण द्या, तपासणी होऊ द्या, मिळालं तर ठेवा. पिस्तूल ६ च्या वर गेलं तर मात्र ते थेट कलम ५ मध्ये जातं, प्रतिबंधित हत्यार, आणि तुमच्याआमच्यासारख्यासाठी तिथे अर्जाचा रस्ताच नाही. वर किमान पाच वर्षांची शिक्षा, अगदी अपवादात्मक परिस्थिती असेल तरच त्यातून सूट. म्हणजे ताकद कमी असलेल्या वस्तूला कायदा जास्त कडक आहे, आणि मला विचाराल तर ते बरोबर आहे. पिस्तूल कोटाच्या खिशात मावतं, रायफल मावत नाही.

याच्या मागे स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावातली घटना आहे. मार्च १९९६ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेत एका माणसाने परवान्याच्या पिस्तुलांनी १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला मारलं, आणि त्यानंतर १९९७ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये हँडगन जवळजवळ पूर्ण बंद झाल्या. नळी ३० सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा एकूण लांबी ६० सेंटीमीटरपेक्षा कमी असलेलं फायरआर्म बंद, त्यातून एअर वेपन वगळलं, पण ठरलेल्या मर्यादेच्या आतलंच. ६ च्या वरचं एअर पिस्तूल त्या सवलतीत बसत नाही म्हणून ते बंदीत जाऊन पडतं. त्यामुळे आज इथल्या सर्वसामान्य माणसाला ऑलिंपिक प्रकारातली पिस्तूल नेमबाजी करायची असेल तर व्यवहारात हातात राहतं ते एअर पिस्तूलच. २०१४ च्या ग्लासगो कॉमनवेल्थचे नेमबाजीचे सामने डंडीजवळ कार्नूस्टीच्या बॅरी बडन रेंजवर झाले होते, तिथे आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. ज्या प्रकारच्या .२२ पिस्तुलाने ती तिथे खेळली ते इथला साधा क्लब मेंबर घरी ठेवू शकत नाही. मला डंडीला जायचंय कळल्यावर पहिलं आठवलं ते हेच.

आता स्कॉटलंड. २००५ मध्ये ग्लासगोच्या ईस्टरहाऊस भागात एअर रायफलचा छर्रा लागून दोन वर्षांच्या मुलाचा जीव गेला, त्याच्या आईवडिलांनी लायसन्ससाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि शेवटी २०१५ चा एअर वेपन्स अँड लायसन्सिंग (स्कॉटलंड) अ‍ॅक्ट आला. ३१ डिसेंबर २०१६ पासून १ जूलच्या वरची कुठलीही एअरगन जवळ बाळगायला सर्टिफिकेट लागतं. इथे पिस्तूल आणि रायफल असा भेद नाही, दोन्हीला एकच सर्टिफिकेट, आणि त्यावर हत्यारांची यादीही नसते, एक ठेवा नाहीतर पाच. पण याचा अर्थ ६ आणि १२ चे आकडे गेले असा नाही हां, ते जसेच्या तसे लागू आहेत. त्यांच्या वरच्या गोष्टी या सर्टिफिकेटमध्ये येतच नाहीत. म्हणजे स्कॉटलंडमध्ये खाली १ जूलची रेषा, वर ६ किंवा १२ फूट-पाउंडची, आणि सर्टिफिकेट मधल्या पट्ट्यासाठी.

अर्ज पोलीस स्कॉटलंडकडे करायचा. फॉर्म अवघड नाहीये पण निवांत बसून भरायचा आहे. फोटो, आधीचे पत्ते, आणि आधी कधी शिक्षा झाली असेल तर ती. यात काहीही लपवायचं नाही, शंका असेल तर लिहून टाकायचं. मग एक व्हेरिफायर लागतो, तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणारा, नातेवाईक नसलेला. डंडीत मला कुणीच ओळखत नव्हतं, म्हणून लीड्सच्या क्लबमधल्या एका ज्येष्ठ सभासदाला विचारलं, त्यांनी फॉर्म हातात घेऊन माझा फोटो आणि माझा चेहरा दोनदा ताडून बघितला आणि मगच सही केली. बरं वाटलं मला ते. तुम्ही नव्याने यूकेत आला असाल तर ही अट आधी लक्षात घ्या, इतक्या दिवसांची ओळख एकदम तयार होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे कारण. 'आवड आहे' हे पुरेसं नाही, तुम्ही नेमकं काय करणार आणि कुठे करणार ते सांगायचं. मी लिहिलं की दहा मीटर एअर पिस्तूल आणि रायफलचा सराव, क्लबचं नाव, मी तिथे आधीच संपर्क केलाय आणि सभासदत्वाचं बोलणं चाललंय. मान्यताप्राप्त क्लबमध्ये सभासद म्हणून टार्गेट शूटिंग करताना सर्टिफिकेट नसलं तरी चालतं, तशी सूट कायद्यातच आहे, त्यामुळे अर्ज चालू असताना मी क्लबच्या पिस्तुलावर सराव केला आणि एकही आठवडा वाया गेला नाही. नवीन शिकणाऱ्यांना मी हेच सांगेन, आधी क्लब धरा, विकत घ्यायचं नंतर.

माझ्या स्वतःच्या दोन्ही वस्तू तोपर्यंत लीड्सलाच, क्लबच्या एका मित्राच्या कपाटात कुलपात. तो प्रौढ, इंग्लंडमध्ये राहणारा, त्यामुळे तिथे कायद्याचा प्रश्न नाही. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा त्यात या दोन पेट्या नव्हत्या. आई फोनवर म्हणाली, "अगं, छर्ऱ्याच्या बंदुकीला पोलिसांची परवानगी कशाला?" मी तिला ईस्टरहाऊसच्या मुलाची गोष्ट सांगितली, मग ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली नीट कर सगळं.

अर्ज गेल्यावर पोलिसांचा फोन आला, बाई बोलायला छान होत्या. वस्तू आत्ता कुठे आहेत, इथे कुठे ठेवणार, घरात अजून कोण असतं, लहान मुलं येतात का. त्यांना बघायचं असतं की तुम्ही हत्यार बाळगायला योग्य आहात का, कायद्याने तुमच्यावर बंदी नाही ना, कारण खरं आहे का आणि लोकांच्या सुरक्षेला धोका नाही ना. मी सांगितलं की कुलपाचं कपाट आहे, छर्रे वेगळ्या खणात, किल्ली माझ्याकडेच. स्टीलचं गन कॅबिनेटच हवं अशी सक्ती नाही, पण दुसऱ्या कुणाच्या हाती पडणार नाही अशी व्यवस्था मात्र हवीच.

मधल्या काळात मी एक काम करून घेतलं ज्याबद्दल कुणी फॉर्ममध्ये विचारत नाही पण मला ते सगळ्यात गरजेचं वाटतं, ते म्हणजे क्रोनोग्राफ. लीड्सला एका शनिवारी जाऊन मित्राच्या समोरच डीलरकडे दोन्ही तपासल्या. यंत्र छोटंसं, छर्रा त्यातून जातो आणि वेग दिसतो. हिशोब असा, वेग फूट प्रति सेकंदमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, छर्ऱ्याच्या ग्रेनमधल्या (छर्ऱ्याच्या वजनाचं एकक, साधारण ०.०६५ ग्रॅम) वजनाने गुणा आणि ४,५०,२४० ने भागा. माझी रायफल ८.४४ ग्रेनच्या छर्ऱ्याला ७८० च्या आसपास दाखवत होती, म्हणजे ११.४ फूट-पाउंड. आता बघा, तोच छर्रा ८०० ला गेला तर ११.९९७, आणि ८०१ ला गेला की १२.०३. एक फूट प्रति सेकंदाने माणूस कायद्याच्या दुसऱ्या बाजूला. आणि मला माहीत नव्हतं म्हणून चालत नाही, बाळगणं हाच गुन्हा धरला जातो. म्हणून एकाच छर्ऱ्यावर विश्वास ठेवू नका, दोनतीन वजनांचे वापरून बघा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये बहुतेक वेळा हलका छर्रा जास्त ऊर्जा दाखवतो, हवा भरून ठेवायच्या पीसीपीमध्ये जड छर्रा. स्प्रिंगमध्ये तेल जास्त झालं तर ते आतल्या आत पेटूनही वेग वाढतो. कुणी हौसेने स्प्रिंग बदलून 'पॉवर वाढवून' देतो म्हणाला तर सरळ नको म्हणा.

पिस्तुलाचं काही टेन्शनच नव्हतं, ७ ग्रेनचा छर्रा ५०० च्या आत, म्हणजे ३.९ च्या खाली. मॅचच्या वस्तूंना मुळात ताकद लागत नाही. दहा मीटरच्या मॅच रायफलसुद्धा ६ फूट-पाउंडच्या आसपासच असतात. तिथे कस लागतो तो नेमाचा, रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अर्धा मिलिमीटरचा ठिपका असतो आणि पिस्तुलाच्या टार्गेटवर साडेअकरा मिलिमीटर. ज्यांना पॉवरचं वेड आहे त्यांनी एकदा त्या ठिपक्यावर ६० शॉट मारून बघावेत.

सर्टिफिकेट पोस्टाने आलं, पाच वर्षांचं. त्यानंतरच मी लीड्सला गेले आणि दोन्ही पेट्या घेऊन आले, रिकाम्या, बंद, डिकीत, सर्टिफिकेट पर्समध्ये, आणि वाटेत गाडी सोडून लांब कुठे गेले नाही. सार्वजनिक ठिकाणी एअरगन नेताना योग्य कारण लागतंच, लोड केलेली नसली तरी.

अजून दोनतीन गोष्टी, कारण लोक विचारतात. १४ ते १७ वयाच्या मुलांनाही स्कॉटलंडमध्ये सर्टिफिकेट मिळू शकतं, अटींसह, आणि ते १८ पूर्ण होईपर्यंतच चालतं. इथे एअरगन कुणाला विकायची किंवा द्यायची असेल तर समोरच्याचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय देऊ नका. नॉर्दर्न आयर्लंडचं अजून वेगळं, तिथे १ जूलच्या वर गेलं की सरळ फायरआर्म सर्टिफिकेट. आणि इंग्लंडहून कुणी आपली एअरगन घेऊन इथे सुट्टीला किंवा सामन्याला येणार असेल तर त्याला व्हिजिटर परमिट आधी काढावं लागतं, माझ्या त्या कपाटवाल्या मित्राला यायचंय म्हणून सध्या त्याचा फॉर्म आम्ही दोघं मिळून भरतोय.