झालं का?

भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड स्कॅन करून ४० रुपये पाठवले, फोनवर हिरवी टिकमार्क आली, तरी कुणी हलत नाही. गिऱ्हाईक आणि भाजीवाली, दोघंही कोबीशेजारच्या छोट्या स्पीकरकडे बघत राहतात. तो बोलला की मगच पिशवी उचलायची.

मी यूएक्स डिझायनर आहे, म्हणजे ॲप आणि यंत्रं वापरणाऱ्याला सोपी जावीत हे बघणारा. बटणांचे रंग ठरवणारा माणूस, अशी नातेवाइकांत माझी ख्याती. प्रत्यक्षात निम्मी नोकरी एवढ्यासाठीच असते, की वापरणाऱ्यावर ‘झालं का?’ विचारायची वेळ येऊ नये. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९४ साली इंटरफेस, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला पडदा-बटणांचा दुवा, पारखायच्या दहा कसोट्या मांडल्या, त्यात पहिलीच ही: आत काय चाललंय ते माणसाला कळत राहिलं पाहिजे. एका सेकंदापर्यंत वाट बघावी लागली तर माणसाची तंद्री मोडत नाही, दहा सेकंद उलटले की त्याचं लक्ष दुसरीकडे जातं, हेही त्यांनीच सांगितलेलं. गोल चकरा मारणाऱ्या चिन्हाखाली ‘कृपया मागे जाऊ नका’ लिहून मोकळे होणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

पण झालं हे कुणाला सांगायचं आणि किती मोठ्याने, इथे खरं डोकं लागतं. मतदान यंत्र बघा. केरळातल्या परवूरमध्ये ते १९८२ साली पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि त्याच्या रचनेत पवईच्या आयआयटीतल्या डिझाइनच्या प्राध्यापकांचा हात आहे. निळं बटण दाबलं की उमेदवाराच्या नावापुढे लाल दिवा लागतो, तो फक्त मतदाराला दिसतो. बीप मात्र खोलीतल्या सगळ्यांसाठी: केंद्राध्यक्ष, पोलिंग एजंट, रांगेतला पुढचा माणूस. मत पडलं एवढंच ती सांगते. कुणाला पडलं, ते नाही. पुढे व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर छापून दाखवणारं यंत्र आलं, त्यातली चिठ्ठीही काचेमागे सात सेकंद दिसते आणि आत पडते.

गाडीवरचा स्पीकर मात्र रक्कम गावभर करतो. आमच्या भाजीवाल्या मावशींची तक्रार हीच, की शेजारचा कांदेवाला बसल्या बसल्या त्यांचा गल्ला मोजतो. मग रक्कम न बोलता नुसती बीप ठेवली तर? हे मी मोठ्या हुशारीने सुचवलं. मावशी हसल्या. “अन् चाळिसाच्या जागी चार टाकून गेला तर, दादा?” हात मातीने भरलेले, एका हातात मेथीची जुडी, डोळे काट्यावर, फोन बघणार कधी? खोटा स्क्रीनशॉट दाखवून सटकणारेही त्यांनी पाहिलेत. आवाज कमी करावा, तर टेम्पोच्या हॉर्नपुढे त्यांनाच ऐकू येत नाही.

परवा पाहिलं तर स्पीकर काट्याच्या मागे, त्यांच्या कानाशी, गिऱ्हाइकाकडे पाठ करून ठेवलेला. आमच्याकडे एवढ्यासाठी तीन मीटिंगा झाल्या असत्या. कांदेवाल्याचा हिशोब बंद पडलाय. गिऱ्हाइकालाही आता धड ऐकू येत नाही, ते पिशवी धरून उभंच राहतं. त्याची सोय अजून लागायची आहे.