खोटं बोला, पण पाळीनं

पोकरमध्ये खोटं बोलायला पूर्ण मुभा. हातात दुर्री-सत्ती असताना एक्क्यांची जोडी असल्यासारख्या चिप्स सरकवा, कोणी हरकत घेणार नाही. जमलं तर हरणाराही मान डोलावेल. हाच ब्लफ पाळी यायच्या आधी केलात, की सगळं टेबल डोळे वटारतं.

पहिल्यांदा बसलो तेव्हा समोरच्याच्या बेटवर, म्हणजे त्यानं लावलेल्या पैजेवर, मी मोठी चिप रुबाबात पुढे टाकली. मनात रेज, म्हणजे पैज वाढवायची, तोंडात मात्र काहीच नाही. डीलर शांतपणे म्हणाला, "कॉल." न बोलता टाकलेली एकच मोठी चिप म्हणजे कॉल, समोरच्याच्या पैजेशी नुसती बरोबरी. पुढच्या डावात शहाणा होऊन "तुझे शंभर, आणि वर..." म्हणत पुन्हा चिप्सकडे हात नेला, तर तेही बाद! ही स्ट्रिंग बेट. थोडं टाकायचं, समोरच्याचा चेहरा वाचायचा, मग आणखी टाकायचं, असं चालत नाही. रेज म्हणायचं तर आधीच म्हणा, आणि म्हटलंत की ते बांधील.

चिप्स पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, उधळू नयेत, मोठ्या चिप्स लहानांच्या आड दडवू नयेत, हे ठीक. दोन डावांत अंगवळणी पडतं. कठीण काय, तर फोल्ड केल्यावर, म्हणजे पानं टाकून डाव सोडल्यावर, गप्प बसणं. एकदा फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पानांत, दोन राण्या उतरल्या आणि नुकतीच राणी फेकलेला माझा शेजारी कळवळून "अरेरे!" म्हणाला. पलीकडे एकजण राणी असल्याची बतावणी करायच्या बेतात होता. त्या "अरेरे"नं त्याचा डाव गेला. चूक फेकणाऱ्याची, भुर्दंड दुसऱ्याला.

सगळ्यात वाईट मात्र स्लो रोल. आपण जिंकलोय हे ठाऊक असूनही पानं उघडायला वेळ लावायचा, समोरच्याला क्षणभर आनंद होऊ द्यायचा आणि मग तो हिसकावायचा. नियमात बसतं, पण करणाऱ्याला कोणी विसरत नाही.

हा डाग माझ्यावरही आहे. टेबलावर दुर्री, तिर्री, पंजी. माझ्याकडे एक्का आणि चौकी. समोरच्यानं तीन तिर्र्या दाखवल्या, हात पॉटकडे नेला. मी अजून विचारात, एक्का दुर्रीच्या खाली धरतात की नाही? धरतात. म्हणजे एक्का ते पंजी सलग पाच पानं, तीन तिर्र्यांवर भारी. पानं उघडली तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. "अहो, खरंच मोजत होतो," मी म्हणालो.

"थाप बरी आहे," शेजारी म्हणाला.