शेऱ्याचा रकाना

"बाबू, मेलेल्या पोरायची वही कायले ठेवता?" तेरवीच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, कॉलेजात नव्यानं लागलेला प्राध्यापक विचारतो, घरी बायको दर दिवाळीच्या झाडझुडीत विचारते. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या कॉलेजात मी लिपिक होतो, शेवटची काही वर्षं बडे बाबू. दाखल-खारीज रजिस्टर माझ्याकडे. पोरगं आलं की दाखल, टीसी नेली की खारीज. सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. तो कायम कोरा.

२००६ च्या पावसाळ्यात एक म्हातारा ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. पोरानं आठ दिवसांपूर्वी फवारणीचं औषध घेतलं होतं. "घरात त्याचा एक बी फोटो नाही. तुमच्या अर्जावर असन, तो मले द्या." अर्ज शोधला. फोटो पाण्याचं बोट लावून लावून सोडवला. अर्जावर डिंकाचा चौकोनी डाग राहिला. म्हाताऱ्यानं फोटो टोपीत ठेवला आणि विचारलं, "कसा होता जी तो कॉलेजात?"

तीन वर्षं त्याची फी मीच घेतली होती. काही म्हणता काही आठवेना. "चांगला होता," म्हणालो. ते तर टीसीवर सगळ्यांनाच लिहितो, वर्तणूक: चांगली.

पुढे कळलं, शेतकरी आत्महत्येला सरकारी मदत असते, तिचं प्रकरण अपात्र ठरलं. एक लाख मिळायचे, पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं लागतं. याचं होतं बिनपरवान्याच्या सावकाराचं. म्हणजे तिकडच्या फायलीतही तो पोरगा एका शब्दात आटोपला.

त्याच हप्त्यात मी दोनशे पानी वही आणली. पूर्ण नाव, गाव, कोणत्या साली दाखल, आणि शेरा. माणूस कशानं गेला, हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. तो गावाला पाठ असतो, अन् एकदा लिहिला की बाकीचं कोणी वाचत नाही. शेऱ्यात कॉलेजातलं एकच काहीतरी लिहायचं, पण ते त्याचंच असलं पाहिजे. "हसतमुख", "मनमिळाऊ" हे शब्द माझ्या वहीत बंद आहेत. ते निधन वार्तावाल्यांना लखलाभ.

नावं इथं देत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. पण शेरे ऐका. एक: सायकलच्या हँडलला दुधाच्या कॅन अडकवून यायचा, डेअरीवर दूध घालून मग पहिला तास. दुसरा: राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विहिरीतला गाळ काढायला खाली उतरला आणि वर येताना बादलीतून बेडूक आणून सरांच्या खोलीत सोडला. तिसरी: कापूस वेचाईच्या दिवसांत गैरहजर, परीक्षेला आली तेव्हा बोटांना बोंडांचे ओरखडे, पेन धरताना चिंधी बांधायची.

मुलींचं फार अवघड. लग्नात नाव बदलतं, गाव बदलतं, कुठे कुठे तर पहिलं नावही बदलतं. मेल्याची बातमी छापून येते ती नवऱ्याच्या आडनावानं. माझ्या रजिस्टरातली पोरगी आणि पेपरातली ती बाई एकच, हे मला कोण सांगणार? एकीचं कळायला चार वर्षं गेली, तेही तिचा भाऊ डुप्लिकेट मार्कशीट न्यायला आला म्हणून. वहीत मी माहेरचं नाव आधी लिहितो. दाखल त्याच नावानं झाली होती ना?

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची कमिटी यायची होती तेव्हा माजी विद्यार्थ्यांची यादी करा म्हणून वरून तगादा लागला. पाचव्या निकषात त्याला गुण असायचे. मी वहीही पुढे केली. "याच्यात मोबाईल नंबर नाहीत," म्हणून परत आली. बरोबरच आहे म्हणा.

मेळाव्यात दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. मला ते पटत नाही. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं मौन धरतात. मीही अनेकदा उभा राहिलोय. तिथं मौन शोभतं, कारण समोरच्या प्रत्येकाला महाराजांचं एखादं तरी भजन पाठ असतं. आमच्या पोरांचं कोणाला काय पाठ आहे? त्यांच्यासाठी गप्प राहणं म्हणजे परत कोराच रकाना. म्हणून दोन मिनिटांत आठ-दहा शेरे वाचा म्हणतो. अजून कोणी वाचले नाहीत.

चूकही झाली माझी. व्हॉट्सॲपवर भावपूर्ण श्रद्धांजली आली, नाव-आडनाव तेच, मी नोंद करून मोकळा. दोन महिन्यांनी तोच माणूस टीसीची नक्कल मागत दारात! मेला होता त्याचा चुलतभाऊ. लपवण्यापेक्षा वहीच दाखवली.

"बाबू, मले इतक्या लवकर खारीज केलं?" म्हणत तो हसला. मग चष्मा लावून स्वतःचा शेरा वाचला. मी लिहिलं होतं: कबड्डीत पकड चांगली.

"पकड नाही जी," तो म्हणाला, "मी रेडर होतो. द्या इकडं पेन."

त्याचं नाव खोडलं. शेरा मात्र त्याच्या अक्षरात तसाच ठेवलाय, लागेल तेव्हा लागेल.