इन्स्पेक्टरसाहेबांचं वाचन

समजा, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात निवृत्त प्राध्यापकांचं प्रेत सापडलं. टेबलावर चिठ्ठी, चिठ्ठीत ज्ञानेश्वरीतली एक ओवी. घरचे म्हणतात, आत्महत्या. तपासाला आलेले पीआय ओवी दोनदा वाचतात आणि म्हणतात, 'सरांनी जन्मभर राजवाडे प्रत वापरली. हा पाठ साखरे प्रतीतला आहे. चिठ्ठी दुसऱ्या कुणीतरी लिहिलीय.' इथे विद्वत्तेनं पोलिसाचं काम केलं. तेच साहेब प्रेतापाशी उभे राहून नुसती ओवी म्हणतील आणि सुस्कारा टाकतील, तर ती वेलबुट्टी झाली.

विद्वान इन्स्पेक्टरच्या ब्रिटिश रहस्यकादंबऱ्या वाचायला घेताना हीच चाळणी लावावी. साहेबांचं वाचन काढून टाकलं तरी केस सुटते का? सुटत असेल तर ते वाचन शोभेचं. नावाजलेली बरीच पुस्तकं या चाळणीत टिकत नाहीत. म्हणून ती टाकाऊ ठरतात असं नाही, पण मग ती वेगळ्या कारणासाठी वाचायची.

मुळात असा पोलीस आला कुठून? बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला नायक पोलीसखात्याबाहेरचा असण्याची सवय आहे. इंग्लंडातही आधी तसंच होतं: हुशारी खासगी गुप्तहेराकडे, आणि पोलीस म्हणजे प्रामाणिक पण मंद. आपल्याकडे स्पर्धा परीक्षा देऊन थेट उपनिरीक्षक होता येतं; त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतून अशा तुकड्या दरवर्षी बाहेर पडतात. लंडनमध्ये ती वाट नव्हती. सगळे शिपाई म्हणून भरती होणार आणि एकेक पायरी चढणार. १९३४ साली पोलीस आयुक्त लॉर्ड ट्रेंचर्ड यांनी हेंडनला पोलीस कॉलेज काढलं आणि शिकलेल्या तरुणांना अधिकारीपदाची जवळची वाट खुली केली. खात्यात यावरून नाराजी होतीच. १९३९ साली युद्ध लागलं आणि कॉलेज बंद पडलं. आता तारखा पाहा. नायो मार्श यांचा इन्स्पेक्टर अ‍ॅलन पहिल्यांदा दिसतो १९३४ साली, मायकेल इनिसचा अ‍ॅपलबी १९३६ साली. ऑक्सफर्डी इंग्रजी बोलणारा इन्स्पेक्टर त्या काळच्या वाचकाला नवलाचा वाटत असेल, पण अशक्य वाटत नव्हता.

(उच्चाराचं इथेच उरकून घेऊ. स्पेलिंगमध्ये शेवटी काहीही दिसलं तरी तो 'अ‍ॅलन'. आणि मार्शबाईंच्या नावातला सुरुवातीचा 'एन' आणि 'जी' मिळून साधा 'न' म्हणायचा.)

इनिस हे टोपणनाव. खरे जे. आय. एम. स्ट्युअर्ट, इंग्रजीचे प्राध्यापक, पुढे बरीच वर्षं ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला नोकरीवर रुजू व्हायला निघाले तेव्हा बोटीवरच्या रिकाम्या आठवड्यांत त्यांनी पहिली कादंबरी लिहिली: 'डेथ अ‍ॅट द प्रेसिडेंट्स लॉजिंग'. कॉलेजच्या प्रमुखाचा खून, प्रेताभोवती मांडलेली माणसाची हाडं, आणि रात्री कुलूपबंद होणारं एक आवार ज्याच्या किल्ल्या मोजक्याच प्राध्यापकांकडे. ही कादंबरी वाचताना नकाशा आणि किल्ल्यांचा तक्ता कागदावर काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. डाव्या बाजूला नावं, वर रात्रीच्या वेळा, आणि कोण कुठल्या दारानं गेला एवढंच टिपायचं. हे न करता वाचणारे शंभराव्या पानाच्या आसपास प्राध्यापकांची नावं एकमेकांत मिसळून बसतात आणि मग दोष इनिसला देतात.

दुसरी, 'हॅम्लेट, रिव्हेंज!' (१९३७), या सगळ्या प्रकारातली माझ्या मते सर्वांत चोख. एका ड्यूकच्या गढीत हौशी मंडळी हॅम्लेट बसवतात, देशाचे लॉर्ड चान्सलर पोलोनियसचं काम करतात, आणि प्रयोग चालू असतानाच त्यांना गोळी घातली जाते. नाटकाचा प्रयोग आणि पिस्तूल हे शब्द शेजारी आले की नाशिककराला विजयानंद थिएटर आणि २१ डिसेंबर १९०९, अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनना गोळी घातली तो दिवस, आठवणारच. जॅक्सन हे स्वतः संस्कृतचे अभ्यासक, 'पंडित' म्हणवले जाणारे. पण ते प्रकरण राजकीय होतं. साम्य तेवढ्यावर सोडून द्यावं.

त्या कादंबरीच्या नावातच इनिसचा स्वभाव दिसतो. 'हॅम्लेट, रिव्हेंज!' हे शब्द शेक्सपिअरच्या नाटकात नाहीतच. त्याआधीचं एक हॅम्लेट होतं, ते हरवलं, आणि त्यातली ही आरोळी टिकली ती टॉमस लॉज नावाच्या लेखकानं १५९६ साली केलेल्या चेष्टेमुळे. लॉज लिहितो की त्यातलं भूत कालवं विकणाऱ्या बाईसारखं ओरडतं. म्हणजे हे शब्द वापरणाऱ्याचं वाचन नाटकाच्या छापील प्रतीपलीकडचं आहे. प्रेक्षागृहात प्राध्यापक, अभ्यासक, सरदार असे सगळेच बसलेले, तेव्हा कुणाला काय माहीत असू शकतं हाच तपासाचा भाग होतो. चाळणीत टिकणारी विद्वत्ता ती ही.

तिसरी, 'लॅमेंट फॉर अ मेकर' (१९३८), लोक अर्ध्यात सोडतात. कारण पहिला भाग स्कॉटलंडमधल्या एका चांभाराच्या तोंडी, स्कॉट्स बोलीत आहे. पुणेरी माणसाच्या हातात बागलाणातली अहिराणी पडावी तसं होतं. उपाय सोपा: मोठ्यानं वाचा. 'केन' म्हणजे माहीत असणं, 'बेर्न' म्हणजे मूल, 'कर्क' म्हणजे चर्च, 'लेर्ड' म्हणजे गावचा जमीनदार, 'डॉमिनी' म्हणजे शाळामास्तर. एवढ्या पाच शब्दांवर पहिली वीस पानं निघतात, पुढे कान तयार होतो. निवेदक बदलत जातात, एकाच्या खात्रीला दुसरा सुरुंग लावतो, आणि अ‍ॅपलबी बराच उशिरा येतो. तो आला नाही म्हणून पुढची पानं चाळू नका. सगळी मजा त्या क्रमात आहे.

इनिसची सुरुवात चाळीसच्या दशकातल्या पुस्तकांनी मात्र करू नये. 'द डॅफोडिल अफेअर'मध्ये (१९४२) आकडे मोजणारा घोडा चोरीला जातो आणि लंडनमधून एक अख्खं घर पळवलं जातं. प्राध्यापकांना तेव्हा सुट्टी हवी होती असं दिसतं. अ‍ॅपलबीची सवय झाल्यावर हे हसत वाचता येतं, पण पहिलंच पुस्तक हे हाती लागलं तर दुसरं घेतलं जात नाही.

मार्शबाईंचा अ‍ॅलन उमरावघरचा धाकटा मुलगा. त्याचं नाव एडवर्ड अ‍ॅलन या एलिझाबेथकालीन नटावरून ठेवलेलं. तो शेक्सपिअर सतत बोलतो, पण ३२ कादंबऱ्यांत ते बोलणं बहुतेक वेळा शोभेचंच. खरं ज्ञान लेखिकेकडे आहे, आणि ते रंगमंचाच्या यंत्रणेचं आहे. 'व्हिंटेज मर्डर'मध्ये (१९३७) वाढदिवसाच्या मेजवानीत शँपेनची जेरोबोम बाटली वरून अलगद खाली यायची असते. जेरोबोम म्हणजे चार बाटल्यांएवढी, तीन लिटरची. जाड काचेसकट वजन पाच किलोच्या आसपास. दोरी, कप्पी आणि दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन. कुणीतरी ते वजन काढून घेतं. 'ओव्हर्चर टू डेथ'मध्ये (१९३९) पियानोत पिस्तूल बसवलेलं आहे आणि त्याचा चाप दोरीनं डावीकडच्या, आवाज मऊ करणाऱ्या पेडलला जोडलेला. पेडलवर पाय पडला की गोळी. पियानोवर कोण बसणार होतं आणि ऐन वेळी कोण बसलं, हा पुढचा गुंता.

मार्शची अडचण मधल्या भागात. खून झाला की अ‍ॅलन आणि त्याचा सहकारी फॉक्स एकेकाला बसवून जबान्या घेतात, आणि त्या संपता संपत नाहीत. कंटाळा येतो तो लक्ष चुकीच्या जागी असल्यामुळे. माणूस खरं बोलतो की खोटं, हे ताडत बसू नका. यंत्रणेला कुणाचा हात कधी लागू शकला असता, तेवढंच बघा.

जोसेफिन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) या सगळ्यात उलटी आहे. इन्स्पेक्टर ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडलेला, हातात इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचं चित्र, आणि प्रश्न असा की लंडनच्या टॉवर या किल्ल्यात ठेवलेल्या दोन राजपुत्रांना, आपल्याच पुतण्यांना, या काकानं खरंच मारलं का. ग्रँट इतिहासाचा पंडित नाही. तो इतिहासाला पोलिसाचे प्रश्न विचारतो: हे कोण सांगतंय, घटना घडली तेव्हा सांगणाऱ्याचं वय काय, त्याला कुणी सांगितलं, फायदा कुणाचा? रिचर्डला काळा रंगवणाऱ्या टॉमस मोरचा जन्म १४७८चा, रिचर्ड लढाईत पडला १४८५ साली. म्हणजे साक्षीदार सात वर्षांचा! आणि पुढे तो वाढला रिचर्डच्या शत्रूच्या, मॉर्टनच्या घरी. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक मराठी वाचकाला शिकवावा लागत नाही. चिटणिसांनी शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती महाराजांनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी, हे आपण शाळेपासून नाही तरी वादांमधून ऐकलेलं असतं. म्हणून हे पुस्तक इथे अडत नाही. अडतात ती फक्त नावं. एडवर्ड, रिचर्ड, हेन्री, एलिझाबेथ यांची वंशावळ आधी अर्ध्या पानावर काढून घ्या.

१९९० साली ब्रिटिश गुन्हेकथालेखकांच्या संघटनेनं सर्वोत्तम शंभरांत या पुस्तकाला पहिला क्रमांक दिला. तरी एक गोष्ट खटकते. ग्रँटचा सगळा तपास 'हा चेहरा खुन्याचा वाटत नाही' इथून सुरू होतो, आणि चेहरा हा पुरावा नव्हे. २०१२ साली लेस्टरमध्ये एका पार्किंगखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, तर कणा खरोखरच बाकदार निघाला. वाकड्या खांद्याची गोष्ट विरोधकांनी हवेतून काढलेली नव्हती.

कॉलिन डेक्स्टरचा इन्स्पेक्टर मोर्स सर्वांना टीव्हीमुळे माहीत. पुस्तकं १३, 'लास्ट बस टू वुडस्टॉक' (१९७५) पासून 'द रिमोर्सफुल डे' (१९९९) पर्यंत. डेक्स्टर लॅटिन-ग्रीकचे शिक्षक, बहिरेपणामुळे शिकवणं सोडावं लागलं, आणि शब्दकोड्यांचे पट्टीचे खेळाडू. आपल्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं साधारणपणे अर्थ देतं आणि शब्द मागतं. मोर्सचं कोडं फसवं असतं: अर्धं वाक्य अर्थ सांगतं, उरलेलं अर्धं शब्दाची घडण. मराठीत नमुना करायचा तर 'दोन्हीकडून वाचलं तरी उत्तम', उत्तर 'सरस'. मोर्स साक्षीदाराचं वाक्य असंच तोडून पाहतो. पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका त्याला खुणा वाटतात. विद्वत्ता इथे चाळणीत टिकते, पण एक धोका आहे: मोर्स बहुतेक वेळा आधी चुकतो. 'लास्ट सीन वेअरिंग'मध्ये (१९७६) तो एकामागून एक इमले बांधतो आणि ते कोसळतात. पुस्तकाचा दोन-तृतीयांश भाग होईपर्यंत त्याच्या कुठल्याही सिद्धांतावर विश्वास ठेवू नका. हवालदारकीची कंटाळवाणी पायपीट त्याचा सहकारी सार्जंट लुइस करतो आणि केस त्यातून सुटते.

पी. डी. जेम्स यांचा डॅलग्लीश छापील कवितासंग्रह असलेला पोलीस आहे. कुसुमाग्रजांच्या गावात याचं अप्रूप वाटेल, पण कवितेनं तो एकही खुनी पकडत नाही. बाईंनी इस्पितळाच्या प्रशासनात आणि गृहखात्यात नोकरी केलेली, त्यामुळे 'श्राउड फॉर अ नाइटिंगेल'मधलं (१९७१) परिचारिका-प्रशिक्षण किंवा 'डेथ ऑफ अ‍ॅन एक्स्पर्ट विटनेस'मधली (१९७७) न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांचे तपशील पक्के. त्यासाठीच वाचा.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत नसतील तर शेवट पचत नाहीत. इंग्लंडात आरोपीला रीतसर ताकीद देऊन घेतलेली, पोलिसापुढची कबुली कोर्टात चालू शकते. आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ ती चालू देत नाही. तिथल्या दिवाणखान्यात खुनी इन्स्पेक्टरपुढे सगळं ओकतो तो शेवट नाशिकच्या न्यायालयात शून्य किमतीचा. दुसरं म्हणजे फाशी. तिकडच्या शेवटच्या फाशा ऑगस्ट १९६४ मधल्या, आणि १९६५च्या कायद्यानं खुनासाठीची फाशी थांबली. अ‍ॅलन आणि तरुण अ‍ॅपलबी ज्याला पकडतात तो फासावर जाऊ शकतो; मोर्सचा आरोपी तुरुंगात जातो. तीसच्या दशकातल्या कादंबऱ्यांत खुनी शेवटच्या प्रकरणात इतक्या वेळा अपघातानं किंवा स्वतःच्या हातानं का मरतो, ते यावरून लक्षात यावं.

पुस्तकं शोधताना, सावानाच्या (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या) कपाटात असो की रस्त्यावरच्या जुन्या गठ्ठ्यात, दोन ठिकाणी फसगत होते. टे यांचं पहिलं ग्रँट-पुस्तक, 'द मॅन इन द क्यू' (१९२९), आधी गॉर्डन डेव्हिअट या नावानं आलं. स्ट्युअर्ट यांनी खऱ्या नावानं लिहिलेल्या कादंबऱ्यांत अ‍ॅपलबी नाही. आणि अमेरिकन आवृत्त्यांची नावं वेगळी असतात: 'सेव्हन सस्पेक्ट्स' म्हणजे तीच 'प्रेसिडेंट्स लॉजिंग', 'द पेपर थंडरबोल्ट' म्हणजे इनिसचंच 'ऑपरेशन पॅक्स', 'नाइट अ‍ॅट द व्हल्कन' म्हणजे मार्शचं 'ओपनिंग नाइट'. पैसे देण्याआधी पहिलं पान उघडून मूळ नाव बघून घ्या. नव्या आवृत्तीत कुणा मान्यवराची प्रस्तावना असेल तर ती पुस्तक संपल्यावर वाचा. खुनी कोण हे तिथे बिनदिक्कत सांगितलेलं असू शकतं.